साधनाभिमान आणि साधनांविषयीचे वाद

१. प्रश्नाचे स्वरूप

सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री आणि वैद्याचा खल ही ज्याची त्याला प्रिय असतात आणि ती दुसऱ्याच्या हाती देताना त्याचे मन किंचित् कचरते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. ह्या जिव्हाळ्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु आपला रंधा आपणास प्रिय असणे ही एक गोष्ट, आणि शेजाऱ्याने दुसऱ्या घडणीचा रंधा वापरला म्हणून त्याच्याशी हिरिरीने वाद घालणे ही अगदी निराळी गोष्ट होय. संगणकाच्या क्षेत्रात ही दुसरी गोष्ट निदान चाळीस वर्षे अखंड चालू आहे. मजकूर लिहिण्यासाठी कोणती आज्ञावली वापरावी, कळफलकावर अक्षरांची मांडणी कशी असावी, प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा, ओळीच्या आरंभी मोकळी जागा सोडताना टॅबची कळ दाबावी की स्पेसची, अशा प्रश्नांवर सुशिक्षित, तर्कनिष्ठ आणि एरवी शांत स्वभावाची माणसे वर्षानुवर्षे भांडत आली आहेत. ह्या भांडणांना त्यांनी स्वतःच ‘धर्मयुद्धे’ असे नाव दिले आहे, आणि त्या नावात जेवढा विनोद आहे तेवढीच कबुलीही आहे.

ह्या वादांची उपपत्ती सामान्यतः दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या मताप्रमाणे हे वाद म्हणजे उत्तम साधनाचा शोध होय. वादी-प्रतिवादी पुरावे मांडतात आणि कालांतराने सरस साधन विजयी होते. दुसऱ्या मताप्रमाणे हे निव्वळ गटाभिमानाचे प्रदर्शन होय. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ह्यापलीकडे त्यात काही नाही. ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिले मत खरे असते तर पुरावा बदलताच वाद मिटला असता. दुसरे खरे असते तर माणसे सर्वच वस्तूंविषयी सारख्याच त्वेषाने भांडली असती. प्रत्यक्षात ह्यांपैकी काहीही घडत नाही. साधनाविषयीच्या वादाचा जोर त्या साधनाच्या गुणदोषांवर फारसा अवलंबून नसून, ते शिकण्यास हाताला किती काळ लागला आणि दुसऱ्याच्या निवडीमुळे स्वतःच्या निवडीला कितपत बाध येतो, ह्या दोन गोष्टींवर तो अवलंबून असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

२. दोन एडिटरांचा इतिहास

ह्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध वाद ईमॅक्स आणि व्ही-आय ह्या दोन एडिटरांमधील होय. एडिटर म्हणजे संगणकावर मजकूर, विशेषतः प्रोग्रामचा मजकूर, लिहिण्याची व दुरुस्त करण्याची आज्ञावली. दोहोंचा जन्म अमेरिकेत १९७६ च्या सुमारास झाला. पण जन्मस्थाने भिन्न आणि परिस्थितीही भिन्न.

ईमॅक्सचा उगम मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. तेथे टेको नावाचा एक जुना एडिटर प्रचारात होता. त्यासाठी निरनिराळ्या व्यक्तींनी लिहिलेल्या छोट्या आज्ञासमूहांना एकत्र आणून रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ह्यांनी ईमॅक्सची मूळ रचना केली. पुढे १९८५ मध्ये स्टॉलमन ह्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाखाली त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचा बराचसा भाग लिस्प ह्या भाषेत लिहिलेला असून वापरणाऱ्यास तो स्वतः बदलता येतो. ईमॅक्समागील कल्पना अशी की, साधन हे तयार मिळणारी वस्तू नसून ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे वाढवीत न्यावयाची इमारत आहे. कार्स्टन डोमिनिक ह्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या टिपणांची व कामांची व्यवस्था लावण्यासाठी २००३ मध्ये ईमॅक्समध्येच ‘ऑर्ग-मोड’ ही जोड लिहिली, आणि आज अनेक जण केवळ तिच्यासाठी ईमॅक्स वापरतात.

व्ही-आयचा जन्म कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात, बिल जॉय ह्या तत्कालीन विद्यार्थ्याच्या हातून झाला. जॉय घरून काम करीत तेव्हा त्यांचा संगणकाशी संबंध सेकंदाला सुमारे ३० अक्षरे वाहून नेणाऱ्या तारेमार्फत होत असे. त्या काळच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १९२० अक्षरे मावत. पूर्ण पडदा एकदा नव्याने रंगविण्यास एक मिनिटाहून अधिक वेळ लागे. अशा स्थितीत थोडक्या कळांत पुष्कळ काम साधणे हीच खरी गरज होती. म्हणून व्ही-आयमध्ये कळफलक दोन भूमिका बजावतो. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटते. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा होते. ‘डी’ म्हणजे खोडणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द. दोन्ही एकापाठोपाठ दाबले की शब्द खोडला जातो, आणि मध्ये तीनचा आकडा घातला की तीन शब्द जातात. क्रियापद, संख्या आणि कर्म असे एक छोटेसे व्याकरणच त्यात आहे. ‘एच, जे, के, एल’ ह्या कळांनी पडद्यावरील खूण हलविण्याची रीतही परिस्थितीतूनच आली. जॉय वापरीत त्या एडीएम-३ए ह्या यंत्राच्या कळफलकावर दिशादर्शक बाण ह्याच चार कळांवर छापलेले होते.

येथवर भांडणाचे काही कारण दिसत नाही. दोन ठिकाणी दोन गरजा होत्या आणि त्यांतून दोन साधने निघाली. तथापि पुढील दशकात दोन्ही साधने एकाच प्रकारच्या संगणकांवर, एकाच प्रकारच्या माणसांच्या हाती आली, आणि वादास तोंड फुटले. ईमॅक्सचे टीकाकार म्हणू लागले की, ह्या एडिटरला आठ मेगाबाइट स्मृती लागते आणि तरीही तो धापा टाकतो. त्याच्या नावातील अक्षरांचा विग्रह करून त्यांनी तशी कोटीही रचली. उलट व्ही-आयचे टीकाकार म्हणत की, आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे क्षणोक्षणी लक्षात ठेवावे लागणे हा माणसावर अन्याय आहे. स्टॉलमन तर अंगात झगा घालून आणि संगणकाच्या जुन्या तबकडीचे तेजोवलय डोक्याभोवती धारण करून ईमॅक्स-पंथाच्या संताची भूमिका सभांतून वठवीत, आणि व्ही-आय वापरणे हे पाप नसून प्रायश्चित्त आहे असा निर्वाळा विनोदाने देत.

आता पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. संगणकाची स्मृती मेगाबाइटांवरून गिगाबाइटांवर गेली. ईमॅक्सविरुद्धचा मुख्य आक्षेप निकालात निघाला. सेकंदाला ३० अक्षरांची तार इतिहासजमा झाली. व्ही-आयच्या काटकसरीचे मूळ कारण नाहीसे झाले. म्हणजे दोन्ही पक्षांच्या मूळ युक्तिवादांचा पाया खचला. असे असता वाद मात्र चालूच राहिला. ब्रॅम मोलेनार ह्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिम’ ह्या सुधारित रूपाने व्ही-आय जगभर पसरला, ईमॅक्सच्याही नव्या आवृत्त्या निघत गेल्या, आणि दोन्ही पक्ष नवी कारणे शोधून तीच बाजू मांडत राहिले. कारणे बदलतात पण निष्कर्ष बदलत नाही, असे जेथे दिसते तेथे सांगितलेली कारणे ही खरी कारणे नव्हेत, असा तर्क करणे प्राप्त होते.

३. हाताचे ज्ञान

खरे कारण शोधण्यासाठी साधन आणि शरीर ह्यांच्या संबंधाकडे वळले पाहिजे. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मर्लो-पाँती ह्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रत्यक्षज्ञानविषयक ग्रंथात आंधळ्याच्या काठीचे उदाहरण दिले आहे. काठीची सवय झाली की आंधळ्याला काठी जाणवत नाही. काठीच्या टोकाशी असलेले जग जाणवते. तेथेच ते टंकलेखकाचेही उदाहरण देतात. कोणते अक्षर कोठे आहे हे त्याला सांगता येईलच असे नाही, पण त्याच्या बोटांना ते ठाऊक असते. मायकेल पोलान्यी ह्यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला, आणि माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हा सिद्धान्त पुढील काळात मांडला.

एडिटर दहा वर्षे वापरलेल्या व्यक्तीची स्थिती अशीच असते. अमुक दुरुस्ती कोणत्या कळांनी केली असे विचारले तर ती क्षणभर अडखळते आणि बोटे हलवून पाहून मग उत्तर देते. ह्यातून तीन परिणाम संभवतात. पहिला असा की, हे ज्ञान शब्दांत मांडता येत नसल्यामुळे वादात त्याच्या जागी मोजता येण्याजोग्या गोष्टी येतात. कळांची संख्या, लागणारी स्मृती, आरंभ होण्यास लागणारा वेळ ह्यांवर चर्चा झडते, आणि ज्यासाठी ते साधन खरोखर प्रिय आहे ती गोष्ट अनुक्तच राहते. दुसरा असा की, निष्पक्ष पंच सापडत नाही. दोन्ही साधनांत सारखेच मुरलेले हात ज्याचे आहेत असा मनुष्य विरळा. कारण एकात मुरावयास जी वर्षे लागतात तीच दुसऱ्यापासून दूर ठेवतात. प्रत्येक पक्ष आपले साधन आतून आणि दुसऱ्याचे बाहेरून ओळखतो.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा आहे. निष्णात मनुष्य परक्या साधनाला हात लावतो तेव्हा तो एका क्षणात नवशिका होतो. बोटे सवयीने जुन्या कळांकडे धावतात, मजकुरात भलतीच अक्षरे उमटतात, आणि ही फजिती साधनाचा दोष म्हणून अनुभवास येते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण सबब सांगणाऱ्यास उद्देशून वापरतो. परंतु येथे सबब सांगण्याचा हेतू नसतो. दुसऱ्या अंगणात वाढलेल्या नर्तकास हे अंगण प्रामाणिकपणे वाकडेच भासते. वादातील त्वेष पुष्कळदा ह्या प्रामाणिक अनुभवातून येतो, आणि म्हणूनच प्रतिपक्षाने कितीही पुरावा दिला तरी तो पटत नाही.

४. श्रम, निवड आणि गट

हाताच्या ह्या ज्ञानावर मनाचे काही व्यापार आपले थर चढवितात. जॅक ब्रेम ह्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण देण्यास सांगितले, त्यांतील दोहोंपैकी एक निवडू दिले आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि नाकारलेलीचे घटले. वस्तू त्याच होत्या. बदलली होती ती निवड. आपल्याकडील नावडतीचे मीठ अळणी ही म्हण हेच सांगते. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स ह्यांच्या १९५९ च्या प्रयोगात एका चर्चामंडळात प्रवेश मिळविण्यासाठी काही विद्यार्थिनींना अवघड व लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य आणि काहींना मुळीच नाही. चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली होती. तरीही कठीण परीक्षा दिलेल्यांनी ती अधिक रोचक ठरविली. लिऑन फेस्टिंगर ह्यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीशी हे जुळते. केलेले श्रम आणि मिळालेले फळ ह्यांत विसंगती जाणवली की मन फळाचे मोल वाढवून ती मिटविते. ईमॅक्स व व्ही-आय ही दोन्ही साधने आरंभी दुर्घट आहेत, आणि त्यांचे अनुयायी सर्वांत निष्ठावंत आहेत, हा केवळ योगायोग नव्हे.

हेन्री ताजफेल ह्यांनी ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर केलेल्या, १९७० व १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी गटभावनेचा उगम किती क्षुल्लक असू शकतो हे दाखविले. पाउल क्ले आणि वासिली कांडिन्स्की ह्या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली ह्यावरून गट पाडल्याचे मुलांना सांगण्यात आले. वास्तविक विभागणी यदृच्छेने केली होती. एवढ्यावरून मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली, आणि काही वेळा स्वतःच्या गटाचा फायदा थोडा कमी करूनही दोन गटांतील अंतर वाढविणे त्यांनी पसंत केले.

हे सर्व ग्राह्य असले तरी पुरेसे नाही. प्रोग्रामर दिवसाचे आठ तास ज्या खुर्चीवर बसतो तीही त्याने पैसे देऊन आणि विचार करून निवडलेली असते. पण दुसऱ्या घडणीच्या खुर्चीवर बसणाऱ्यांविरुद्ध त्याने पंथ स्थापन केल्याचे ऐकिवात नाही. निवड आणि गट एवढीच कारणे असती तर खुर्च्यांचीही धर्मयुद्धे झाली असती. खुर्चीत दोन गोष्टींचा अभाव आहे. तिच्यावर बसावयास शिकावे लागत नाही, हे झाले एक. दुसरे असे की, शेजाऱ्याने कोणती खुर्ची घेतली ह्यावरून आपल्या खुर्चीचे काही वाढत वा घटत नाही. ह्यांपैकी पहिल्या गोष्टीचा विचार झाला. आता दुसरीकडे वळावयाचे.

५. संख्येचे बळ

काही वस्तूंचे मोल त्या किती जण वापरतात ह्यावर ठरते. ज्या गावात एकच दूरध्वनी आहे तेथे तो निरुपयोगी होय. मायकेल कॅट्झ आणि कार्ल शपिरो ह्यांनी १९८५ मध्ये ह्या गुणधर्माचे अर्थशास्त्रीय विवेचन केले. संगणकाची साधने बहुतांशी ह्याच वर्गातील आहेत. ज्या साधनाला अनुयायी पुष्कळ, त्याचे शिक्षक, पुस्तके आणि दुरुस्त्याही पुष्कळ. ईमॅक्स वा व्हिम ह्यांसारख्या मुक्त आज्ञावलींत तर वापरणारा हाच पुष्कळदा घडविणारा असतो. मोलेनार ह्यांचे २०२३ मध्ये निधन झाले, तरी व्हिमचे काम थांबले नाही, कारण ते पुढे नेणारे हात तयार होते. ज्या साधनाचे अनुयायी पांगतात त्याला हे भाग्य लाभत नाही. ते हळूहळू जीर्ण होते आणि त्याबरोबर त्याच्या शेवटच्या अनुयायाचे दहा-वीस वर्षांचे हस्तकौशल्यही बाद होते. म्हणून नवशिक्यास आपल्या बाजूला ओढण्याची धडपड ही केवळ अहंता नव्हे. ती आपल्या कौशल्याचा विमा उतरविण्याची खटपट आहे. वादाच्या मुळाशी असलेली खरी चिंता ती हीच.

संख्येच्या बळाचे शास्त्रीय जगातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्रजी कळफलक. १८७० च्या दशकात क्रिस्टोफर शोल्स ह्यांच्या यंत्राबरोबर क्वर्टी मांडणी बाजारात आली. ऑगस्ट ड्वोरॅक ह्यांनी १९३६ मध्ये दुसऱ्या मांडणीचे पेटंट घेतले आणि ती अधिक वेगवान असल्याचे प्रतिपादिले. पण जग क्वर्टीवरच राहिले. पॉल डेव्हिड ह्यांनी १९८५ च्या निबंधात ह्याचा अर्थ असा लावला की, आरंभीच्या योगायोगाने समाज एखाद्या निकृष्ट साधनात अडकून पडू शकतो. स्टॅन लिबोविट्झ आणि स्टीफन मार्गोलिस ह्यांनी १९९० मध्ये त्यास सविस्तर उत्तर दिले; ड्वोरॅकच्या श्रेष्ठत्वाचा पुरावाच डळमळीत आहे, आणि १९५६ मध्ये अमेरिकन शासनासाठी झालेल्या चाचणीत ड्वोरॅकला वरचढपणा दिसला नव्हता, हे त्यांनी निदर्शनास आणले. कळफलकाविषयी सामान्य जन भांडतात ते का, हे समजावून सांगू पाहणारे पंडितच त्या कळफलकावरून दोन पक्षांत विभागले गेले. ‘कोणते साधन श्रेष्ठ’ ह्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर काढणे किती बिकट आहे, ह्याचे ह्याहून बोलके प्रमाण मिळणे कठीण.

६. संकेताचा प्रश्न

आतापर्यंतच्या उदाहरणांत दुसऱ्याच्या निवडीची झळ अप्रत्यक्ष आहे. काही वादांत ती प्रत्यक्ष असते. मोठी संख्या संगणकाच्या स्मृतीत अनेक कप्प्यांत विभागून ठेवावी लागते. तेव्हा तिचा थोर भाग पहिल्या कप्प्यात ठेवावा की लहान भाग, ह्यावरून १९७० च्या दशकात संगणक-निर्मात्यांत तट पडले. डॅनी कोहेन ह्यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या निबंधात ह्या वादाला स्विफ्टच्या १७२६ मधील ‘गलिव्हर’च्या प्रवासवर्णनातील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे ह्यावरून लढणाऱ्या राज्यांची उपमा दिली. दोन्ही पद्धती सारख्याच चालण्याजोग्या आहेत, कोणती निवडली ह्यापेक्षा सर्वांनी एकच निवडणे महत्त्वाचे आहे, हा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होता.

मराठी वाचकास हा प्रश्न परका नाही. २५ लिहिताना दशक आधी येतो, ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीच्या, दशक आधी उच्चारणाऱ्या संख्यावाचनाची योजना झाली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. गणिताच्या दृष्टीने दोन्ही रीतींत संख्या तीच. परंतु एका रीतीत कोट्यवधी लोकांची जीभ वळलेली होती, आणि संख्येचे नाव हे एकट्याचे नसून बोलणारा आणि ऐकणारा ह्या दोघांचे असते. वादाची दोन्ही अंगे, मुरलेली सवय आणि परस्परांवरील बंधन, येथे एकत्र आली होती.

देवनागरीच्या टंकलेखनाचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. जुन्या टंकलेखन-यंत्रांची, सामान्यतः रेमिंग्टन म्हणून ओळखली जाणारी, मांडणी अक्षराच्या आकारावर आधारलेली आहे. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ मागाहून, कारण कागदावर ती डावीकडे असते. उलट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट मांडणी उच्चारावर आधारलेली आहे. तीत ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे, आणि हीच व्यवस्था अन्य भारतीय लिप्यांनाही लागू. एका मांडणीच्या दृष्टीने लेखन म्हणजे आकृती, दुसरीच्या दृष्टीने लेखन म्हणजे ध्वनी. ज्यांनी सरकारी परीक्षा देऊन आकृतीच्या क्रमाने वेग कमावला होता आणि त्यावर चरितार्थ चालविला होता, त्यांना ध्वनीचा क्रम अधिक शास्त्रशुद्ध आहे हे सांगणे म्हणजे त्यांचे हात पुन्हा बिगरीत बसविणे होते.

ह्या वादाला धार आणली ती मात्र मांडणीच्या भेदाने नव्हे, साठवणीच्या भेदाने. इस्की ह्या भारतीय संकेतास भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्यता दिली. तरी छपाईच्या व्यवहारात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टसंचांचे आपापले संकेत रूढ झाले. एकात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. अशा स्थितीत लेखकाने एक फॉन्ट निवडणे म्हणजे संपादक, मुद्रक आणि भावी वाचक ह्यांच्यासाठीही तो निवडणे होते. ह्या काळातील मराठी मजकुराचा मोठा साठा त्या त्या संकेतांत अडकून पडला, आणि तो सोडवून घेण्यासाठी रूपांतराचे खटाटोप करावे लागले. येथे वादाची किंमत केवळ शब्दांत नव्हे, ग्रंथांत मोजावी लागली.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता आणि तिची रचना इस्कीवरून घेतलेली होती. २००० नंतर तो प्रचारात येत गेला तसा ह्या वादाचा नूर पालटला. युनिकोडमध्ये मजकूर ध्वनिक्रमानेच साठविला जातो. परंतु तो कोणत्या कळांनी घालावा ह्याविषयी युनिकोडचा आग्रह नाही. इन्स्क्रिप्टने, रेमिंग्टन मांडणीने किंवा रोमन अक्षरांतून उच्चारानुसार टंकले, तरी साठणारा शब्द एकच. शेजाऱ्याचा कळफलक आता शेजाऱ्याची खासगी बाब झाली. मांडणींविषयी मतभेद आजही ऐकू येतात, पण त्यांपायी कोणाचा मजकूर वाचण्यावाचून राहत नाही.

७. निष्कर्ष

वरील उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली असता वादांचे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. संख्याक्रम, साठवणीचे संकेत ह्यांसारख्या बाबतींत एकाची निवड दुसऱ्यास बांधते. तेथील वाद अपरिहार्य आहे आणि तो गुणांच्या तुलनेने नव्हे, तर सर्वमान्य करारानेच मिटतो. एडिटर किंवा कळफलक ह्यांच्या बाबतीत खालचा संकेत एक झाला की वरची निवड मोकळी होते. ईमॅक्स व व्ही-आय ह्यांत लिहिलेला मजकूर पूर्वीपासून एकाच साध्या फाइलीत साठत आला. म्हणूनच ते युद्ध पुष्कळ अंशी विनोदाच्या पातळीवर राहू शकले. ईमॅक्सच्या आत व्ही-आयच्या कळा आणणारी ‘ईव्हिल’ नावाची जोड निघाली, तेव्हा कळांचे व्याकरण आणि साधनाची इमारत ह्या दोन भिन्न गोष्टी असून त्यांपैकी एकीसाठी दुसरी सोडण्याचे कारण नव्हते, हेही उघड झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अन्य संस्थांसह जाहीर केलेल्या भाषा-सेवेच्या संकेताने हाच मार्ग पुढे नेला. प्रोग्रामच्या भाषेविषयीचे ज्ञान एडिटरच्या बाहेर ठेवल्यामुळे लहान अनुयायीवर्ग असलेल्या एडिटरलाही ते लाभू लागले, आणि संख्येचे बळ काही अंशी निष्प्रभ झाले.

ह्यावरून व्यवहारात उपयोगी पडेल असा एक विवेक निघतो. एखाद्या विभागात वा प्रयोगशाळेत साधनाविषयी वाद उपस्थित झाला, तर कोणते साधन श्रेष्ठ हे आधी न विचारता, दुसऱ्याच्या निवडीमुळे नेमके काय अडते हे विचारावे. काही अडत असेल तर ते कोणत्या थरावर अडते हे शोधून त्या थरापुरता करार करावा, आणि त्यावरील थर ज्याच्या त्याच्या हातावर सोपवावा. प्रबंध कोणत्या रूपात सादर करावा हा नियमाचा विषय होऊ शकतो; तो कोणत्या कळफलकावर टंकावा हा होऊ नये. काही अडत नसेल तर वाद चालू राहण्यास हरकत नाही. मात्र त्यात बोलणारी व्यक्ती साधनाविषयी बोलत नसून आपल्या हातांत साठलेल्या वर्षांविषयी बोलत आहे, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे. त्या वर्षांचा आदर राखला, तर मतभेद राहूनही वैर राहत नाही. नवे साधन कितीही सरस असो, जुने टाकावयास सांगताना माणसाजवळून काय मागितले जात आहे ह्याचा हिशेब मांडल्यावाचून ते मागण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.